ऑडिओ सीडी आणि एमपीथ्री सीडी: कॉपी करताना नेमकं काय बदलतं

शेजारचे काका पेनड्राइव्ह घेऊन आले तेव्हा भलते खुशीत होते. ख्यालगायनाची त्यांची जुनी सीडी, आठ ट्रॅकची, त्यांनी स्वतःच्या हातानं कॉम्प्युटरवर कॉपी केली होती. "एका सेकंदात झाली रे," म्हणाले, "आता तुझ्याकडे लावून बघ." पेनड्राइव्ह उघडला. ट्रॅक ०१ ते ट्रॅक ०८, आठही फायली हजर. प्रत्येकीचा आकार ४४ बाइट. सगळ्या मिळून ३५२ बाइट. तेवढ्या जागेत मराठीत टाइप केलेला घरचा पत्ताही जेमतेम मावेल.

काकांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या कपाटात एमपीथ्री गाण्यांच्याही सीड्या आहेत, आणि त्या त्यांनी याच पद्धतीनं, फायली निवडून, कॉपी-पेस्ट करून उतरवल्या होत्या. तिथे सगळं सुरळीत झालं. दोन्ही चकत्या १२ सेंटिमीटरच्या, तितक्याच चकचकीत, एकाच ड्राइव्हमध्ये जाणाऱ्या. मग फरक पडावा तरी का?

फरक असा, की ऑडिओ सीडीवर फाइल नावाची वस्तूच नसते. फिलिप्स आणि सोनी यांनी या तबकडीचे नियम १९८० मध्ये ठरवले आणि १९८२ मध्ये ती जपानच्या बाजारात आली, ती प्लेअरमध्ये वाजवण्यासाठी. कॉम्प्युटर कुणाच्या डोक्यात नव्हता. आतून बाहेर जाणारी एक लांबलचक सर्पिल रेघ, तिच्यावर दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला आवाज, डावा आणि उजवा, प्रत्येक मोजमाप १६ बिटांचं. सुरुवातीला एक छोटी अनुक्रमणिका: अमुक ट्रॅक इतक्या मिनिट-सेकंदांवर सुरू होतो. फोल्डर नाही, आणि बहुतेक सीडींवर गाण्याचं नावसुद्धा नाही.

विंडोजला मात्र खिडकीत काहीतरी दाखवणं भाग असतं. म्हणून ती अनुक्रमणिकेतल्या प्रत्येक नोंदीची एक 'सीडीए' फाइल करून मांडते. ट्रॅकचा क्रमांक, सुरुवात, लांबी, एवढंच तिच्यात. आवाज चकतीवरच राहतो. लग्नाची पत्रिका खिशात आली म्हणजे पंगत जेवून उठली असं होत नाही, तसंच. (मॅकवर तीच सीडी लावली तर एआयएफएफ फायली दिसतात आणि ओढून आणल्या तर आवाजासकट येतात. म्हणूनच "माझ्याकडे तर होतं बुवा" म्हणणारा एक तरी भेटतोच.)

एमपीथ्री सीडी ही खरं तर डेटा सीडी. तिच्यावर सरळ फायली असतात. त्या गाण्यांच्या आहेत की पगारपत्रकाच्या, याच्याशी चकतीला देणंघेणं नाही. ती कॉपी-पेस्टनं उतरते. ऑडिओ सीडी 'रिप' करावी लागते, म्हणजे प्रोग्रॅम चकतीवरचा आवाज वाचत जातो आणि त्याची फाइल नव्यानं तयार करतो. विंडोज मीडिया प्लेअरमध्ये 'रिप'चं बटण याचसाठी आहे.

आता जरा खोलात. दोन्ही चकत्यांवर एका सेकंदात ७५ सेक्टर, म्हणजे रेघेचे सारख्या मापाचे तुकडे, बसतात. ऑडिओ सीडीच्या प्रत्येक सेक्टरमध्ये २,३५२ बाइट, सगळे आवाजाचे. डेटा सीडीत त्यातले २,०४८ आपल्या कामाचे. उरलेल्यांपैकी बहुतेक चुका पकडायला आणि दुरुस्त करायला राखून ठेवलेले. ८० मिनिटांची ब्लँक सीडी '७०० एमबी'ची म्हणतात, ती डेटाच्या हिशेबानं. त्याच चकतीवर ८० मिनिटांचं संगीत भरलं, तर त्याच्या वेव्ह फायली, म्हणजे आवाज न दाबता जसाच्या तसा ठेवणाऱ्या फायली, जवळपास ८०७ एमबी भरतात. "७००च्या सीडीत ८०० मावलेच कसे?" हा प्रश्न मला पूर्वी फार छळायचा. उत्तर एवढंच: गाण्यासाठी जादा दुरुस्तीची तरतूद सोडून दिली आहे.

ती सोडणं परवडतं, कारण आवाजातलं एखादं मोजमाप गेलं तर प्लेअर शेजारच्या दोन मोजमापांवरून अंदाज बांधून पुढे जातो. कानाला पत्ताही लागत नाही. झिप फाइलमध्ये एक बिट चुकला तर अख्खी फाइल हट्टाला पेटू शकते. म्हणून ओरखडा पडलेली डेटा सीडी कॉपी करताना मध्येच थांबते, 'सायक्लिक रिडन्डन्सी चेक' असा संदेश दाखवते आणि आपण वैतागतो. वैतागू नये, ती खरं बोलते आहे. फसवते ती ऑडिओ सीडी. रिप शेवटपर्यंत होतं, फाइल बनते, आणि चौथ्या मिनिटाला तानेच्या मधोमध एक 'टक्' कायमचा बसलेला असतो. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी किंवा लिनक्सवरचं सीडीपॅरानोया हे प्रोग्रॅम संशयाची जागा पुन्हा पुन्हा वाचतात, ते यासाठी. वेळ लागतो. लागू द्यावा.

लग्नाच्या व्हीसीडीचा, म्हणजे व्हिडिओ सीडीचा, प्रकार आणखी तिसराच. तिच्यावर फायली दिसतात, 'एमपीईजीएव्ही' फोल्डरमध्ये, पण चित्रपटाच्या सेक्टरांना तो जादा दुरुस्तीचा भाग नसतो. एका ओरखड्यानं सप्तपदीच गायब होऊ शकते. असो, तो वेगळा विषय.

अख्खी चकती जशीच्या तशी दुसऱ्या चकतीवर घ्यायची असेल तर हाच घोळ नव्या रूपात समोर येतो. डेटा सीडीची 'आयएसओ' इमेज, म्हणजे अख्ख्या चकतीची एकच फाइल, करता येते. ऑडिओ सीडीची नाही, कारण आयएसओ ही फायलींच्या मांडणीची प्रतिमा आणि इथे फायलीच नाहीत; तिथे बिन (चकतीवरचा सगळा आवाज) आणि क्यू (कुठला ट्रॅक कुठे सुरू होतो त्याची यादी) ही फायलींची जोडी लागते. राइट करताना 'ट्रॅक ॲट वन्स', म्हणजे एकेक ट्रॅक सुटा लिहिणं, निवडलं तर सहसा दोन ट्रॅकांमध्ये दोन सेकंदांची शांतता पडते. सुट्ट्या भावगीतांना चालतं. पण मैफलीच्या सीडीत विलंबित संपून द्रुत सुरू होतो, नेमका तिथे ट्रॅक बदलतो आणि तबला थांबलेला नसतो. तिथे 'डिस्क ॲट वन्स'च, म्हणजे अख्खी चकती एका दमात लिहिणंच, हवं.

उलट दिशेनं जाताना, म्हणजे कॉम्प्युटरवरची गाणी सीडीवर घेताना, प्रोग्रॅम विचारतो: ऑडिओ की डेटा? ऑडिओ निवडलं तर फार तर ८० मिनिटं, पण बहुतेक सगळ्या जुन्या प्लेअरवर वाजेल. डेटा निवडलं तर १२८ केबीपीएसची एमपीथ्री साडेबारा तासांच्या वर बसतात, पण प्लेअरला एमपीथ्री कळायला हवं. पुन्हा पुसून लिहिता येणारी आरडब्ल्यू चकती घेऊ नका. तिच्यावरून प्रकाश कमी परततो आणि बरेच जुने प्लेअर तिला ओळखतच नाहीत. आणि एमपीथ्रीपासून बनवलेली ऑडिओ सीडी मूळ सीडीच्या तोडीची होत नाही. एमपीथ्री करताना जागा वाचवायला आवाजातला काही भाग गाळलेला असतो; सीडी केली की आकार वाढतो, गेलेला आवाज परत येत नाही. ताकाचं पुन्हा दूध होत नाही.

काकांची सीडी ५८ मिनिटांची. वेव्हमध्ये ती ५८५ एमबी झाली असती. आम्ही फ्लॅक घेतलं, त्यात आवाजातलं काही न गमावता जागा बरीच वाचते. इंटरनेटवरच्या यादीनं तिला भलत्याच सीडीचं नाव चिकटवलं, कारण त्या याद्या बहुतेक ट्रॅकांच्या लांबीवरून ओळख पटवतात. मग काका शेजारी खुर्ची ओढून बसले आणि एकेक राग सांगत गेले, मी देवनागरीत नावं टाइप केली. तिसऱ्या ट्रॅकवर ड्राइव्ह घरघरत अडकला. तिथे ओरखडा असणार. "काढू का?" मी विचारलं. "राहू दे," काका म्हणाले, "वाचतोय ना तो."