डिजिटल डायरी की पाम? जुनं यंत्र रोजच्या कामाला लावायच्या आधी हे बघा

जुन्या बाजारात, सेकंडहँड साइटवर नाहीतर घरच्या माळ्यावर खिशात मावणारं, राखाडी स्क्रीनचं एखादं यंत्र सापडतं आणि लोक विचारतात, "हा पामटॉप रोज वापरता येईल का हो, फोन जरा लांब ठेवायचाय". येईल की, मस्त येईल. पण आधी हातात काय आहे ते बघायला लागतं, डिजिटल डायरी की पीडीए, म्हणजे कॉम्प्युटरशी जोडून वापरायचं खिशातलं यंत्र; पाम हा त्यातलाच एक, आणि इथे उदाहरणाला तोच घेतलाय. आपल्याकडे दोन्हीला सरसकट पामटॉप, ऑर्गनायझर, डायरी असं काहीही म्हणतात, आणि दोन्हीत फोन नंबर राहतात, अलार्म वाजतो, कॅल्क्युलेटर असतो, पासवर्ड लावून गुपचूप नोंदी ठेवता येतात, त्यामुळे वरवर बघणाऱ्याला फरक कळतच नाही.

माझ्या मते खरा फरक टचस्क्रीनचाही नाही आणि मेमरीचाही नाही. तुमच्या माहितीची मूळ प्रत कुठे राहते, एवढाच आहे. डिजिटल डायरीत मूळ प्रत त्या यंत्रातच असते, दुसरीकडे कुठेच नाही. पाममध्ये मूळ प्रत जोडीनं राहते, एक यंत्रात आणि एक कॉम्प्युटरवर, आणि दोघांचा मेळ घालत राहणं हे त्या यंत्राचं मुख्य काम.

आधी डायरी घेऊ. कॅसिओची पीएफ-३००० आली १९८३ मध्ये, ऐंशीचं दशक संपता संपता शार्पची विझार्ड आली, आणि नव्वदच्या दशकात कॅसिओची एसएफ मालिका आपल्याकडे इतकी झाली की विमा एजंट, डॉक्टर, बिल्डर, मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, कुणाच्याही ब्रीफकेसमध्ये ती सापडायची, दुबईहून येणारा नातेवाईक हमखास एक घेऊन यायचा. पाकिटासारखी उघडते, वर चार-सहा ओळींची स्क्रीन, खाली रबरी नाहीतर प्लास्टिकची बटणं, झाकणावर मेमरी किती ते, ३२ केबी किंवा ६४ केबी, असं ठसठशीत छापलेलं. नंबर भरायची पद्धत एकदम सरळ: टेलिफोनचं बटण दाबा, नाव टाइप करा, सेट, नंबर, सेट, पत्ता, सेट, झालं. नावं आपोआप अक्षरांप्रमाणे लागतात, शोधताना पहिली दोन-तीन अक्षरं टाका की थेट तिथे. पाच मिनिटांत आजोबांनासुद्धा शिकवता येते ही गोष्ट, आणि मला हे मोठं कौतुकाचं वाटतं, कारण शिकवायला लागूच नये इतकं सोपं यंत्र बनवणं फार अवघड असतं.

आता पाम. १९९६ च्या मार्चमध्ये यूएस रोबोटिक्सने (पाम तेव्हा त्याच कंपनीचा भाग होती) पायलट १००० आणि पायलट ५००० हे पहिले पाम काढले, पहिल्यात १२८ केबी मेमरी, दुसऱ्यात ५१२ केबी. म्हणजे पायलट १००० ची मेमरी ६४ केबीवाल्या डायरीच्या फक्त दुप्पट, तेव्हा "पाम म्हणजे जास्त मेमरी" हा समज तिथेच संपतो. पामचा संस्थापक जेफ हॉकिन्सने यंत्र बनवायच्या आधी त्या मापाचा लाकडाचा ठोकळा करून शर्टाच्या खिशात बाळगला होता, कुणी तारीख विचारली की ठोकळा काढून त्यावर काडीने लिहिल्यासारखं करायचा, खिशातून काढून किती झटकन काम व्हायला पाहिजे ते ठरवण्यासाठी. पायलटच्या आधी, १९९३ मध्ये, ॲपलचा न्यूटन हा पीडीए आला होता, तो मोठा, महाग आणि अख्खा कॉम्प्युटर व्हायला बघणारा. पामने ती हौस सोडून दिली आणि कॉम्प्युटर टेबलावर आहेच, आपण त्याचा खिशातला भाग होऊ असं धरलं. म्हणून पायलटच्या खोक्यातच एक पाळणा यायचा, ज्याला क्रेडल म्हणतात, आणि त्या पाळण्यावर एकच बटण, हॉटसिंक.

या हॉटसिंकवर जरा थांबतो, कारण इथेच दोन यंत्रं वेगळी होतात. बरेच जण त्याला बॅकअप समजतात. बॅकअपमध्ये सगळंच्या सगळं उचलून दुसरीकडे टाकलं जातं. हॉटसिंक नोंदीनोंदीचा हिशोब करतो. पाममधल्या प्रत्येक नोंदीला स्वतःचा एक क्रमांक असतो आणि सोबत एक खूण, ही नोंद मागच्या सिंकनंतर बदललीय का, पुसलीय का. बटण दाबलं की दोन्ही बाजूंच्या बदललेल्या नोंदी समोरासमोर येतात, तुम्ही रस्त्यात डॉक्टरांची वेळ बदलली ती कॉम्प्युटरवर जाते, घरी कुणी कॉम्प्युटरवर लग्नाची तारीख टाकली ती यंत्रात येते. आणि एकच नोंद दोन्हीकडे वेगवेगळी बदलली असेल तर? पाम दोन्ही ठेवतो, दोन नोंदी दिसतात, तुम्ही बघून नको ती काढायची. कुणाचीही माहिती गुपचूप पुसायची नाही हा निर्णय मला आजही फार आवडतो, आजकालची कितीतरी ॲप्स शेवटी लिहिलेलं ठेवून बाकीचं बिनबोभाट उडवतात.

डायरीतही बऱ्याच मॉडेलला बाजूला बारीक जॅक असतो, केबल लावून दुसऱ्या डायरीत किंवा कॉम्प्युटरमध्ये माहिती पाठवता येते, पण ती केबल वेगळी विकत घ्यायची, आज ती मिळणं कठीण, आणि मिळाली तरी ती नुसती नक्कल, वरच्यासारखा मेळ नाही.

आणि हे किती महत्त्वाचं आहे ते बॅटरी संपल्यावर समजतं. जुन्या दोन्ही यंत्रांत माहिती रॅममध्ये, म्हणजे वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या मेमरीत असते, वीज गेली की माहिती गेली. डायरीत साधारण दोन प्रकारचे सेल असतात, मुख्य आणि एक छोटा बॅकअपचा, बहुतेक सीआर२०३२ सारखे बटण सेल. यंत्र बंद करून आधी एक बदलायचा, झाकण लावायचं, मग दुसरा, दोन्ही एकदम कधीच काढायचे नाहीत. पायलट, पाम थ्री, एम१०० या मॉडेलांत दोन ट्रिपल ए सेल, ते काढल्यावर आतला कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवणारा भाग, साधारण मिनिटभर माहिती धरून ठेवतो, तेवढ्यात नवे घालायचे. कागदावर डायरी जास्त सुरक्षित वाटते, बॅकअप सेल आहे म्हणून. पण डायरीतले दोन्ही सेल एकदा गेले की वीस वर्षांचे नंबर कायमचे गेले, आणि पाम पूर्ण कोरा झाला तरी पाळण्यात ठेवून बटण दाबलं की जसाच्या तसा भरून निघतो. अर्थात सिंक करत असाल तरच. कॉम्प्युटरला कधीच न जोडता पाम वापरला तर त्याची झाली डिजिटल डायरीच, आणि तीसुद्धा बॅकअप सेल नसलेली. जुना पाम घेणारे बरेच जण नेमकं हेच करतात म्हणून मुद्दाम सांगतोय. (२००४ च्या टंगस्टन टी५ पासून पामने सेल संपला तरी टिकणारी मेमरी द्यायला सुरुवात केली, तिथे ही भीती नाही.)

आपल्याकडचं अगदी घरातलं उदाहरण घ्या. लँडलाइनच्या नंबरांपुढे २ लागला तेव्हाचं आठवतंय ना? डायरीवाल्यांना प्रत्येक नोंद उघडून, पुढे २ घालून परत सेट दाबायला लागायचं, तीन-चारशे नंबर असतील तर रविवार गेला. पामवाल्यांना कॉम्प्युटरवर यादी बाहेर काढून, तिथे एकदम बदलून, जुनी पुसून नवी आत घेता यायची. यंत्राच्या आकाराचा यात काही संबंध नाही, मूळ प्रत कुठे हाताळता येते त्याचा आहे.

रोजच्या कामात पामचा टू डू, म्हणजे कामांच्या यादीचा भाग मला सगळ्यात उपयोगी वाटतो, खासकरून किराण्याला. एक वेगळी कॅटेगरी करायची, किराणा नावाची, त्यात वर्षभर लागणारं सगळं एकदाच भरायचं, तूरडाळ, पोहे, साबुदाणा, शेंगदाणे, गूळ, कपड्यांचा साबण. झालेली कामं दाखव हा पर्याय चालू ठेवायचा. घरी डबे बघत जायचं आणि जे संपलंय त्याची फक्त टिक काढायची, मग दुकानात उभं राहून तो पर्याय बंद केला की जे आणायचं तेवढंच दिसतं, घेतलं की टिक, नाहीसं. पुढच्या महिन्यात तीच यादी परत. बऱ्याच डायऱ्यांत हे मेमोत लिहिता येतं पण टिक करणं नाही, ओळ पुसायची आणि परत टाइप करायची. पुन्हा पुन्हा येणाऱ्या तारखांचंही तसंच, विम्याचा हप्ता, वाढदिवस, सोसायटीचा मेंटेनन्स, पाममध्ये दर महिना किंवा दर वर्ष एकदा सांगितलं की झालं, डायरीत बहुतेक मॉडेलला प्रत्येक तारीख वेगळी भरावी लागते.

लिहिण्यात मात्र उलट. डायरीला बटणं आहेत, जे दिसतं ते दाबायचं. पामला ग्राफिटी शिकायला लागते, सोबतच्या लिहायच्या काडीने एका झटक्यात काढायची अक्षरं: ए म्हणजे वर जाऊन खाली, मधली आडवी रेघ नाही, टी म्हणजे डावीकडून उजवीकडे आणि मग खाली, एफ म्हणजे उजवीकडून डावीकडे आणि मग खाली. अक्षरं स्क्रीनखालच्या लिहायच्या पट्ट्याच्या डाव्या भागात, आकडे उजव्या भागात. हात बसला की न बघता लिहिता येतं, पण हात बसेपर्यंत चिकाटी लागते. २००३ पासूनच्या मॉडेलांत ग्राफिटी २ आहे, त्यात टी आणि के सारखी काही अक्षरं दोन झटक्यांत काढायची, तेव्हा जुन्याची सवय असेल तर अडखळायला होतं. देवनागरी दोन्हीकडे मूळची नाहीच, तूरडाळ रोमन अक्षरांतच लिहावी लागते, एवढं मात्र दोघांचं सारखं आणि मला त्याची खंत आहे.

शोधायचं असेल तर पामचं फाइंड एकाच वेळी पत्ते, तारखा, कामं, मेमो सगळीकडे बघतं, पण शब्दाच्या सुरुवातीपासूनच जुळवतं, मधलं अक्षर दिलं तर सापडत नाही. "कुलकर्णी" ला "कर्णी" म्हणून शोधलं तर हाती काही लागायचं नाही.

ओळखायचं कसं? कंपनीच्या नावावरून ओळखू नका, कॅसिओने डायऱ्या काढल्या तसे कॅसिओपिया नावाचे, विंडोज सीईवर (छोट्या यंत्रांसाठीचं विंडोज) चालणारे पीडीएही काढले. कीबोर्डवरूनही नको, सायॉन सिरीज ३ (१९९१) दिसायला डायरीसारखीच उघडते पण आत चक्क प्रोग्राम लिहायची भाषा आहे. दोन गोष्टी बघा, बाहेरून नवीन प्रोग्राम घालता येतो का आणि कॉम्प्युटरशी दोन्ही बाजूंनी मेळ घालायची सोय कंपनीने दिलीय का. दोन्हीचं उत्तर हो असेल तर पीडीए.

आता आज घ्यायचं असेल तर. नंबर, थोड्या तारखा, कॅल्क्युलेटर, आणि कॉम्प्युटरच्या भानगडीत पडायचंच नाही, तर डायरी घ्या, बिनधास्त, फक्त महत्त्वाचे नंबर एका वहीत उतरवून ठेवा, कारण दुसरी प्रत तुम्हालाच बनवायची आहे. यादी, कामं, तारखा रोज हलणार असतील तर पाम, आणि त्यातही ट्रिपल ए सेलवाला, कारण पाम व्हीसारख्या मॉडेलांची आतली चार्जिंगची बॅटरी एव्हाना थकलेली असते आणि डबी चिकटवलेली असल्याने बदलणं जिकिरीचं. पाळण्यासकटच घ्या. जुने पाळणे सिरीयल पोर्टचे (जुन्या कॉम्प्युटरवरची जोडणी) आहेत, यूएसबीला जोडायला कन्व्हर्टर लागेल. यूएसबीवाले नंतरचे पाम घेतलेत तर लक्षात ठेवा, पामने ६४-बिट विंडोजसाठी यूएसबी ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला पाम ओळखता यावा म्हणून लागणारा प्रोग्राम, काढलाच नाही, लोक लिनक्सवर जे-पायलट नावाचा प्रोग्राम वापरतात किंवा जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज एक्सपी ठेवतात.

अजून एक, पामचं मूळ कॅलेंडर १९०४ ते २०३१ एवढंच चालतं, कारण वर्ष साठवायला सातच बिट दिलेत, म्हणजे १२८ वर्षं. पंधरा वर्षांच्या गृहकर्जाच्या शेवटच्या हप्त्याची तारीख त्यात टाकायला जाल तर बसणार नाही, ती मेमोत लिहून ठेवा.

विकत घेताना दुकानात उभ्या उभ्या करायचं ते असं. डायरी असेल तर सेलची झाकणं उघडून हिरवट-पांढरी बुरशी दिसते का बघा, स्क्रीनवर उभ्या ओळी गायब आहेत का बघा, आणि झाकण दोन-तीनदा उघडबंद करून स्क्रीन थरथरते का ते बघा, तशी थरथरली तर बिजागरातली पट्टी गेलीय. पाम असेल तर स्वतःचे दोन ट्रिपल ए सेल घेऊन जा, चालू झाल्यावर तो स्क्रीनवर ठिपक्यांवर टेकवायला सांगतो ते करा, मग पट्ट्यात सलग पंधरा-वीस अक्षरं काढून बघा. काडी जिथे टेकली तिथे उमटत नसेल आणि परत ठिपके टेकवूनही सुधारत नसेल तर तो पाम परत द्या, कितीही स्वस्त असला तरी.