संशोधन प्रकल्पाचे अनुदान: पात्रता, कागदपत्रे आणि उपयोगिता प्रमाणपत्राचा हिशेब

प्रकल्प मंजूर होतो, पहिला हप्ता येतो, यंत्रही बसते. मग दुसरा हप्ता अडकतो. बहुतेक वेळा त्याचे कारण संशोधनात नसून 'जीएफआर १२-ए' या दोन पानी नमुन्यात असते. तोच तो उपयोगिता प्रमाणपत्राचा, म्हणजे सगळे ज्याला यूसी म्हणतात त्याचा नमुना: मिळालेला पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला. यूसीची तयारी मार्चअखेरीस सुरू केली तर उशीर झालेला असतो. ती अर्जातल्या अंदाजपत्रकापासूनच करावी लागते. म्हणून ही माहिती त्याच क्रमाने दिली आहे.

इथे मुख्यतः केंद्राच्या पैशाबद्दल लिहिले आहे: डीएसटी (विज्ञान व तंत्रज्ञान विभाग), डीबीटी (जैवतंत्रज्ञान विभाग), आयसीएसएसआर (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद) आणि एएनआरएफ, म्हणजे अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन. एएनआरएफचा कायदा २०२३ चा, अंमल ५ फेब्रुवारी २०२४ पासून. जुने सर्ब, म्हणजे विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ, त्यात विलीन झाले, त्यामुळे जुन्या फायलींत सर्बचे नाव दिसले तर गोंधळू नये. या सर्व संस्थांच्या अनुदानामागे सामान्य वित्तीय नियम २०१७, म्हणजे जीएफआर, उभे असतात. राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगासारख्या राज्याच्या संस्थेकडून पैसा आला, तर त्यांच्या मंजुरी आदेशातल्या अटी पाहाव्यात. केंद्राचा नमुना तिथे आपोआप लागू होतो असे धरू नये.

अर्ज कोण करू शकतो

मुख्य संशोधक, म्हणजे पीआय, बहुतेक योजनांत नियमित पदावर असावा लागतो. तासिका तत्त्वावरचे किंवा अकरा महिन्यांच्या करारावरचे प्राध्यापक इथेच बाद होतात. निवृत्ती प्रकल्पाच्या मुदतीत येत असेल तर सेवा शिल्लक असलेला सहसंशोधक अर्जातच दाखवावा. मंजुरीनंतर नाव घालायचे म्हणजे स्वतंत्र पत्रव्यवहार आला. तरुण संशोधकांच्या योजनांना वयाची अट असते आणि ती कोणत्या तारखेला मोजायची हे त्या जाहिरातीत लिहिलेले असते. संलग्न महाविद्यालय असेल तर यूजीसी कायद्याच्या २(एफ) आणि १२(बी) खालच्या मान्यतेची पत्रे हाताशी ठेवावीत. खासगी न्यासाच्या संस्थेला एनजीओ दर्पण या सरकारी नोंदणी पोर्टलचा क्रमांक मागितला जातो, आणि पीएफएमएसवर, म्हणजे केंद्राच्या सार्वजनिक वित्त व्यवस्थापन पोर्टलवर, नोंदणी सगळ्यांनाच लागते. पीएफएमएसवरचे संस्थेचे नाव, पॅनवरचे नाव आणि बँक खात्यावरचे नाव यांत एका शब्दाचा फरक असला तरी पैसा परत जातो. एका ठिकाणी 'कॉलेज', दुसरीकडे 'महाविद्यालय' आणि तिसरीकडे फक्त संस्थेचे नाव, हा प्रकार आपल्याकडे सर्रास दिसतो.

अर्जासोबत सहसा लागतात: संस्थाप्रमुखाचे अनुमोदन पत्र, पीआयचे प्रतिज्ञापत्र, पीआय आणि सहसंशोधकांचे बायोडेटा, चालू व पूर्ण प्रकल्पांची यादी, मोठ्या यंत्रांची दरपत्रके, आणि विषयानुसार नीतिशास्त्र समिती, प्राणी नीतिशास्त्र समिती किंवा जैवसुरक्षा समितीची मंजुरी. अनुमोदन पत्रावर प्राचार्यांऐवजी विभागप्रमुखांची सही असेल तर अर्ज तिथेच थांबतो. चालू प्रकल्पांची यादी लपवू नये. एकाच कामासाठी दोन ठिकाणाहून पैसा घेतल्याचे पुढे लेखापरीक्षणात बाहेर आले तर वसुली होते.

अंदाजपत्रक: इथली चूक तीन वर्षे छळते

अनुदान साधारण तीन शीर्षांत येते. सर्वसाधारण म्हणजे आवर्ती खर्च (लेखाशीर्ष ३१), भांडवली मालमत्ता (३५) आणि वेतन (३६). भांडवली पैसा आवर्ती खर्चाला परस्पर वापरता येत नाही आणि उलटही नाही. रसायने, प्रवास आणि किरकोळ खर्च या आवर्ती उपशीर्षांत थोडी फिरवाफिरव अनेक योजनांत संस्थेच्या पातळीवर चालते. पण मनुष्यबळात किंवा यंत्रात पैसा वळवायचा असेल, किंवा देशांतर्गत प्रवासाच्या पैशातून परदेशी परिषदेला जायचे असेल, तर आधी लेखी परवानगी. खर्च करून मग परवानगी मागितली तर ती सहसा मिळत नाही.

दोन आकडे हमखास चुकतात. पहिला जीएसटीचा. सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या संशोधन संस्थांना उपकरणांवर मिळणारा ५ टक्के सवलतीचा दर १८ जुलै २०२२ पासून बंद झाला. तरी जुने दरपत्रक समोर ठेवून अंदाजपत्रक करणारे आहेत. ८ लाखांचे यंत्र १८ टक्के कर धरून ९,४४,००० ला पडते. मागितले ८,४०,००० असतील तर उरलेले १,०४,००० येणार कुठून? दुसरा आकडा शिष्यवृत्तीचा. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती) ३७,००० आणि एसआरएफ (वरिष्ठ) ४२,००० रुपये महिना आहे, शिवाय शहराच्या वर्गानुसार घरभाडे. मुंबई आणि पुणे 'एक्स' वर्गात, तर नाशिक, नागपूर, कोल्हापूर 'वाय' वर्गात येतात. घरभाड्याचा टक्का केंद्राच्या चालू दराने लावावा, जुन्या आदेशातून उचलू नये. जेआरएफ दोन वर्षांनी एसआरएफ होतो. तिसऱ्या वर्षासाठी ४२,००० न धरल्याने शेवटचे काही महिने शिष्यवृत्ती तुटते.

मंजुरी आदेश आल्यावर

आदेश पीआयने वाचावा आणि लेखापालानेही. प्रकल्पाची सुरुवात कोणत्या तारखेपासून धरायची, कोणत्या शीर्षात किती रक्कम, व्याज कुठे भरायचे, यूसी कोणाला पाठवायचा हे सगळे त्यात असते. मंजुरीच्या तारखेआधीचे बिल प्रकल्पात धरले जात नाही. विक्रेत्याच्या ओळखीवर आधी मागवलेली रसायने संस्थेच्या गळ्यात पडतात, ती अशीच.

पैसा येण्याची पद्धत गेल्या काही वर्षांत पालटली आहे. पूर्वी रक्कम खात्यात यायची आणि पडून राहायची. आता बऱ्याच योजनांत ट्रेझरी सिंगल अकाउंट किंवा केंद्रीय नोडल एजन्सीची पद्धत आहे. म्हणजे नेमून दिलेल्या बँकेत शून्य शिलकीचे खाते असते, त्यात पैसा नसतो, खर्चाची मर्यादा असते. बिल चुकते केले की तेवढाच पैसा वरून निघतो. ३१ मार्चला न वापरलेली मर्यादा संपते. नव्या वर्षी ती पुन्हा मिळेपर्यंत एप्रिल-मेमध्ये शिष्यवृत्तीही थकते. त्यामुळे यंत्राची ऑर्डर जानेवारीत देणे म्हणजे जुगार आहे. माल मार्चनंतर आला तर भांडवली मर्यादा हातची गेली. पीएफएमएसवर एक जण बिल तयार करतो आणि दुसरा मंजूर करतो. मंजुरी देणाऱ्याची डिजिटल सही फेब्रुवारीत संपली नाही ना, एवढे आधी पाहून ठेवावे.

खरेदी

वैज्ञानिक मंत्रालये आणि त्यांच्या स्वायत्त संस्थांसाठी जून २०२५ मध्ये मर्यादा वाढल्या. दरपत्रकाशिवाय थेट खरेदी २ लाखांपर्यंत, खरेदी समितीमार्फत २ ते २५ लाख. आपल्या महाविद्यालयाला या मर्यादा आपोआप मिळत नाहीत. संस्थेचे स्वतःचे खरेदी नियम आणि मंजुरी आदेश यांत जे कडक असेल ते पाळणे सुरक्षित.

थेट खरेदीत जीएफआरच्या नियम १५४ प्रमाणे बिलावर एक प्रमाणपत्र लागते: माल योग्य दर्जाचा आहे, विश्वासू पुरवठादाराकडून वाजवी भावात घेतला आहे, याबद्दल माझी व्यक्तिशः खात्री आहे. खाली सही. बऱ्याच बिलांवर हे वाक्यच नसते, आणि लेखापरीक्षक नेमके तेच शोधतो. मर्यादेखाली राहण्यासाठी एकाच दिवशी एकाच दुकानाची तीन बिले करणे नियम १५७ ला धरून नाही, आणि ते लपतही नाही. एकाच कंपनीचे यंत्र हवे असेल तर ते का, हे स्वामित्व वस्तू प्रमाणपत्रात तांत्रिक भाषेत लिहावे. 'गेली दहा वर्षे याच कंपनीचे वापरतो' हे कारण ठरत नाही. खासगी पुरवठादाराला आगाऊ रक्कम साधारणतः ३० टक्क्यांपर्यंत, तीही बँक हमी घेऊन.

यंत्र आले की स्थायी मालमत्तेची नोंद जीएफआर २२ नमुन्यात आणि रसायने-काचसामानाची जीएफआर २३ मध्ये करावी. यंत्रावर प्रकल्प क्रमांक आणि अनुदान देणाऱ्या संस्थेचे नाव रंगवावे. बिलावर नोंदवहीचा पान क्रमांक लिहावा, मगच बिल लेखा विभागात पाठवावे.

यूसी प्रत्यक्ष कसा भरायचा

समजा, जुन्या पद्धतीने बँक खात्यात वर्षभरात १६,००,००० आले. त्यातले १०,००,००० भांडवली, ६,००,००० सर्वसाधारण. वर्षाचे व्याज १२,४०० झाले. यंत्राला ९,४४,००० गेले, आवर्ती खर्च ४,१५,००० झाला. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात विद्यार्थ्याला क्षेत्रभेटीसाठी २०,००० आगाऊ दिले आणि त्याचा हिशेब अजून आलेला नाही.

भांडवली शिल्लक ५६,००० हे सोपे. सर्वसाधारण शिल्लक मात्र १,८५,००० आहे, १,६५,००० नाही. आगाऊ दिलेले २०,००० अजून खर्च झालेले नसून 'असमायोजित अग्रिम' आहेत, आणि यूसीत त्यांचा वेगळा रकाना आहे. पासबुकात ३१ मार्चला २,३३,४०० दिसतील: ५६,०००, अधिक १,६५,०००, अधिक व्याजाचे १२,४००. ही बेरीज पासबुकाशी रुपयाने जुळली की मगच सहीला पाठवावे. मार्चची शिष्यवृत्ती एप्रिलमध्ये दिली असेल तर ती या वर्षाच्या खर्चात येत नाही. ऑर्डर दिली पण माल आला नाही, तीही नाही.

व्याज खर्चायचे नसते. नियम २३०(८) प्रमाणे हिशेब पूर्ण होताच ते भारताच्या संचित निधीत भरायचे. पुढच्या हप्त्यातून वळते करून घ्या, असे म्हणता येत नाही. भारतकोश या सरकारकडे पैसे भरण्याच्या पोर्टलवर भरून पावती यूसीला जोडावी.

नियम २३८ मध्ये यूसीसाठी आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांची मुदत आहे. तिच्या भरवशावर राहणारा स्वतःचाच हप्ता लांबवतो, कारण पुढचा पैसा यूसीशिवाय सुटत नाही. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात तात्पुरता यूसी आणि खर्चविवरण, लेखापरीक्षण झाल्यावर अंतिम, हा क्रम बरा.

यूसी परत येतो त्यामागे ठरलेली कारणे असतात. जुना १९-ए नमुना वापरलेला असतो. तो २०१७ पूर्वीचा. डीएसटीसारख्या संस्था आवर्ती आणि भांडवली असे दोन वेगळे यूसी मागतात आणि इकडून एकच जातो. गेल्या वर्षीची अखेरची शिल्लक ५६,००० आणि या वर्षीची सुरुवातीची ५५,९४१, कारण मध्ये बँकेने ५९ रुपये आकार कापला आणि कोणी तो दाखवलाच नाही. पीएफएमएसच्या ईएटी मॉड्यूलमध्ये, म्हणजे खर्च नोंदवण्याच्या भागात, नोंदलेला खर्च आणि यूसीतला खर्च जुळत नाही. चार्टर्ड अकाउंटंटच्या सहीखाली १८ अंकी यूडीआयएन, म्हणजे त्या दस्तऐवजाचा ओळख क्रमांक, नाही. वित्तप्रमुख आणि संस्थाप्रमुख अशा दोन सह्या लागतात, तिथे पीआयने स्वतःच दोन्हीकडे सही केलेली असते. काही रक्कम नाही तिथे रकाना कोरा सोडलेला असतो. तिथे 'निरंक' लिहावे.

कंपनीचे काम आणि परदेशी पैसा

कंपनीने दिलेले चाचणीचे किंवा सल्ल्याचे काम अनुदान नव्हे. तिथे यूसी नसतो. करार, टप्पे, बीजक आणि त्यावर सहसा १८ टक्के जीएसटी असतो. संशोधनासाठी मिळालेल्या अनुदानाला १० ऑक्टोबर २०२४ पासून जीएसटीतून सूट आहे, पण विद्यापीठ, महाविद्यालय किंवा संशोधन संस्था १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ३५ खाली अधिसूचित असावी लागते. शासकीय संस्थांना वेगळी सोय आहे. करारात प्रकाशनाला किती काळ थांबायचे आणि पेटंट कोणाचे हे आधी ठरवावे. विद्यार्थ्याचा प्रबंध त्याच कामावर असेल तर हे कलम त्याच्या पदवीशी जोडलेले असते. कंपनीने कापलेला टीडीएस आयकर पोर्टलवर दिसतो का, हे दर तिमाहीला पाहावे.

परदेशी विद्यापीठाचे किंवा प्रतिष्ठानचे अनुदान न्यासाच्या महाविद्यालयाला एफसीआरए (परदेशी योगदान नियमन कायदा) खालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय घेता येत नाही. तो पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच येतो. प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही. त्यामुळे 'आम्ही घेतो, तुमचा वाटा पाठवतो' ही जुनी सोय बंद झाली. वार्षिक एफसी-४ विवरण ३१ डिसेंबरपर्यंत.

प्रकल्प संपताना

मुदतवाढ हवी असेल तर मुदत संपायच्या किमान तीन महिने आधी मागावी. विनाखर्च मुदतवाढीत जादा पैसा मिळत नाही, शिष्यवृत्तीही शिल्लक असेल तरच चालते. शेवटी अंतिम लेखापरीक्षित यूसी, खर्चविवरण, मालमत्तेची यादी, अंतिम अहवाल आणि उरलेल्या रकमेच्या परताव्याची पावती एकत्र पाठवावी. यादीतले यंत्र परवानगीशिवाय विकता किंवा भंगारात काढता येत नाही. पीआय दुसऱ्या संस्थेत गेला तर प्रकल्पही त्याच्यासोबत जाऊ शकतो, पण त्यासाठी दोन्ही संस्थांची ना-हरकत, अनुदान देणाऱ्या संस्थेची लेखी मान्यता आणि बदलीच्या तारखेपर्यंतचा यूसी लागतो. तोपर्यंत यंत्राला हात लावू नये.