कोंबडीचं मशीन आणि सापाची अंडी: खोकं तेच, रीत उलटी

थर्माकोलचं खोकं, आत बल्ब, कोपऱ्यात पाण्याची वाटी, झाकणाला काचेची खिडकी. गावरान अंडी उबवायचं हे घरगुती मशीन सांगली-साताऱ्याकडे नवं नाही. त्यामुळे घरात पाळलेल्या बॉल पायथन किंवा कॉर्न स्नेक जातीच्या परदेशी सापाने अंडी घातली की पहिला सल्ला ठरलेला असतो: "मशीनमध्ये टाक की!" खोकं चालतं, थर्मोस्टॅटही चालतो. घोटाळा करतात त्या कोंबडीच्या अंड्यांनी हाताला लावलेल्या सवयी. अंडी रोज फिरवणं, पारा साडेसदतीसवर ठेवणं, पाण्याची एक वाटी पुरेशी समजणं, यातली एकही सापाच्या अंड्याला मानवत नाही.

आधी कायद्याचं. इथे जे लिहिलंय ते परदेशी जातीच्या, रीतसर पाळलेल्या सापांबद्दल आहे. उसाच्या पाचटात किंवा शेणखताच्या उकिरड्यात सापडलेली देशी सापाची अंडी घरी आणून उबवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. ती हलवू नका, वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. बॉल पायथन साइट्स, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. त्यामुळे त्याची नोंद २०२४च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते आणि घरात पिल्लं झाली तर तीही कळवावी लागतात. कॉर्न स्नेक त्या परिशिष्टांत नाही.

आता मूळ फरक. कोंबडीच्या अंड्याचं कवच म्हणजे चुना, त्याला हजारो बारीक छिद्रं. आत पिल्लाला लागणारं सगळं पाणी आधीच भरलेलं असतं, किंबहुना थोडं जास्तच. साठ ग्रॅमचं अंडं अठराव्या दिवसापर्यंत सात-आठ ग्रॅमने हलकं व्हायला हवं. तेवढं पाणी उडालं की बोथट टोकाकडची हवेची पोकळी मोठी होते आणि पिल्लू कवच फोडण्याआधी तिथेच पहिला श्वास घेतं. सापाच्या अंड्याला तशी पोकळी नसते. त्याचं कवच चिवट, चामड्यासारखं, बोटाने हलकं दाबलं तर दबणारं. ते बाहेरून पाणी ओढून घेतं, म्हणून चांगलं अंडं उबवणीत फुगतं आणि जड होतं. एकाला पाणी गमवायचं असतं, दुसऱ्याला कमवायचं. पुढचे बहुतेक फरक इथूनच निघतात.

फिरवण्याचं बघू, कारण सर्वांत जास्त अंडी इथेच वाया जातात. कोंबडीच्या अंड्यात बलक दोन्ही बाजूंनी पांढऱ्याच्या पिळदार दोऱ्यांनी धरलेला असतो. अंडं एकाच कुशीवर पडून राहिलं तर बलक वर तरंगत येतो आणि गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो. खुडूक कोंबडी दिवसभर चोचीने अंडी उलटीपालटी करते ती यासाठीच. मशीनमध्ये हे काम माणसाने दिवसातून तीन किंवा पाच वेळा करायचं. आकडा विषम ठेवला की लांबलचक रात्र रोज त्याच कुशीवर जात नाही. अठराव्या दिवसापासून फिरवणं बंद.

सापाच्या अंड्यात त्या दोऱ्या नसतात, पांढरंही नावापुरतंच असतं. गर्भ वरच्या बाजूला कवचालगत बसतो आणि त्याच्या रक्तवाहिन्या आतल्या पडद्यावर तिथेच पसरतात. अंडं उलटलं की बलकाचा सगळा भार गर्भावर येतो. मादीने घातल्यावर पहिल्या दिवसात थोडं हलवलं तर बहुधा खपतं, त्यानंतर नाही. म्हणून अंडी उचलण्याआधीच प्रत्येकाच्या माथ्यावर साध्या पेन्सिलीने ठिपका द्या. तो ठिपका शेवटपर्यंत आभाळाकडेच राहिला पाहिजे. बॉल पायथनची अंडी बऱ्याचदा एकमेकांना चिकटून गोळाच झालेली असतात. तो गोळा तसाच खोक्यातल्या झाकणाच्या डब्यात ठेवा, अंडी ओढून सुटी करू नका. त्यातलं एखादं पिवळट, लहान, मेणचट असेल तर तो स्लग, म्हणजे फळलेलं नसलेलं अंडं. सहज सुटला तर काढा. सुटत नसेल तर राहू द्या, शेजारच्या निरोगी अंड्याला त्याची बुरशी सहसा लागत नाही.

अंडी साठवता येतात का, यावरही हमखास गल्लत होते. कोंबडीची अंडी गार खोलीत आठवडाभर राहतात, कारण घातलेल्या क्षणी गर्भ अगदी कोवळा असतो आणि थंडीत वाढ थांबून राहते. चार-पाच दिवसांची अंडी जमवून एकदम बसवायची पद्धत त्यावरच चालते. सापाची अंडी बाहेर येतात तेव्हा गर्भाची बरीच वाढ आईच्या पोटात झालेली असते, ती थांबवून ठेवता येत नाही. म्हणजे खोकं अंडी येण्याआधीच दोन-तीन दिवस चालू करून तापमान स्थिर करायचं. मादी कात टाकते तेव्हापासून दिवस मोजायला लागा. बॉल पायथन अंडी घालण्याआधीच्या त्या कातेनंतर साधारण महिनाभराने अंडी देते.

तापमान. कोंबडीला पंखा असलेल्या मशीनमध्ये ३७.५ अंश. पंखा नसेल तर अंड्याच्या माथ्याच्या पातळीवर ३८.५च्या आसपास, कारण गरम हवा वर साचते. एकवीस दिवसांत पिल्लू. बॉल पायथनला ३१ ते ३२ अंश, पंचावन्न ते साठ दिवस. कॉर्न स्नेकला २८ अंश, साधारण दोन महिने. इथे एक गंमत होते. कोंबडीच्या मशीनचा काटा तपासायला ताप मोजायचा पाऱ्याचा थर्मामीटर कामाला येतो, पण तो ३५ अंशांपासूनच सुरू होतो, सापाच्या अंड्यांना त्याचा काही उपयोग नाही. डिजिटल मीटरची सुई बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून त्यात पाच मिनिटं बुडवा. शून्य दाखवायला हवं. एक अंश जास्त दाखवत असेल तर मीटरच्या आकड्यातून तेवढा वजा करून खरं तापमान धरा. कोंबडीला अर्ध्या अंशाचा फरक फार तर एक दिवस पुढे-मागे करतो. सापाच्या अंड्यांना ३४-३५ अंशांत काही दिवस काढावे लागले तर वाकड्या कण्याची पिल्लं निघतात किंवा पूर्ण वाढलेली पिल्लं आतच मरतात.

आणि हाच सांगलीचा खरा प्रश्न. थर्मोस्टॅट बल्ब बंद करू शकतो, खोली गार करू शकत नाही. एप्रिल-मे महिन्यात मिरज, तासगावकडे दुपारी पारा अडतीस-चाळीसवर जातो. पत्र्याखालच्या खोलीत बल्ब बंद असतानाही खोक्यात छत्तीस अंश होतात. कोंबडीच्या अंड्याला ३७.५ लागतात म्हणून तिथे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. सापाच्या अंड्यांसाठी खोकं घरातल्या सर्वांत गार, स्लॅब किंवा मातीच्या भिंतीच्या आतल्या खोलीत, जमिनीवर ठेवा. आत लिटरभर पाण्याच्या तीन-चार बाटल्या भरून ठेवा, त्या तापमान सावरून धरतात. दुपारी बाहेरच्या खोक्यात अर्धी गोठवलेली बाटली फडक्यात गुंडाळून ठेवली तर दोन-तीन अंश उतरतात, मात्र ती अंड्यांच्या डब्याला टेकू देऊ नका. वाई-महाबळेश्वरकडे उलट, तिथे पावसाळ्यात आणि हिवाळ्यात रात्री बल्ब चालूच राहील. वळवाच्या पावसात वीज गेली तर घाबरायचं कारण नाही. दोन-चार तासांत तापमान पंचवीसवर आलं तरी सापाची अंडी सोसतात. वीज आल्यावर लगेच ऊब वाढवून भरून काढायला जाणं जास्त धोक्याचं.

खोकं आतून साधारण ४५ बाय ३० बाय ३० सेंटीमीटरचं पुरतं. कोंबडीला साठ वॉटचा पिवळा बल्ब लागतो. सापाला खोलीच्या तापमानापेक्षा फार तर चार-पाच अंश वर जायचं असतं, चाळीस वॉटचाही जास्तच होतो. एलईडी चालत नाही, त्यातून ऊब निघतच नाही म्हटलं तरी चालेल. बल्बपुढे पत्र्याचा आडोसा करा, नाहीतर त्या बाजूची अंडी भाजतील. २३० व्होल्टवर थेट चालणारा एसटीसी-१००० थर्मोस्टॅट घ्या आणि बल्ब चालू-बंद होण्यातला फरक अर्ध्या अंशावर ठेवा. सेन्सर कुठे लावायचा यात चूक होते. कोंबडीला तो अंड्यांच्या पातळीवर उघडा टांगतात. सापाची अंडी आत दुसऱ्या झाकणाच्या डब्यात असतात. सेन्सर त्या डब्यात टाकला तर त्याला ऊब उशिरा कळते, बल्ब तासभर जळत राहतो आणि मग सगळंच तापतं. सेन्सर खोकं आणि आतला डबा यांच्या मधल्या हवेत लावा, आतल्या डब्यात वेगळा मीटर ठेवा आणि आतला आकडा बघून बाहेरची सेटिंग खाली-वर करा. अंडी ठेवण्याआधी हा मेळ दोन दिवस बसवून घ्या.

ओलावा. कोंबडीच्या मशीनमध्ये पहिले अठरा दिवस पन्नास-पंचावन्न टक्के, शेवटचे तीन दिवस पासष्ट-सत्तर. वाटीतल्या पाण्याचा पसारा वाढवला की झालं. सापाच्या अंड्याला नव्वदच्या वर हवा, आणि तो उघड्या खोक्यात वाटीने मिळत नाही. म्हणून आतला डबा. पाच लिटरचा, घट्ट झाकणाचा प्लास्टिक डबा, बाजूंना बारीक चार छिद्रं. त्यात व्हर्मिक्युलाइट, म्हणजे पाणी धरून ठेवणारं हलकं खनिज, जे रोपवाटिकेचा माल विकणाऱ्या दुकानात मिळतं. जाड दाण्याचं घ्या, भुकटी नको. प्रमाण मापाने घेऊ नका, वजनाने घ्या: दोनशे ग्रॅम कोरड्या व्हर्मिक्युलाइटला दोनशे ग्रॅम पाणी, पहिल्यांदा करत असाल तर एकशे साठपासून सुरुवात. कालवून पंधरा मिनिटं थांबा आणि मूठ आवळा. लाडूसारखा गोळा बांधला जावा, बोटांमधून फार तर एखादा थेंब यावा. धार आली तर जास्त झालं, कोरडं व्हर्मिक्युलाइट मिसळा. त्यात अंगठ्याने खळगे करून अंडी अर्धी-पाऊण वर राहतील अशी बसवा, पूर्ण पुरू नका. कोकोपीट सगळीकडे मिळतं म्हणून तेच वापरलं जातं, पण ते पाणी फार धरतं आणि पटकन बुरसतं.

बॉल पायथनसाठी आणखी एक रीत चांगली चालते: डब्यात तळाशी दोन बोटं पाणी, त्यावर प्लास्टिकची जाळी आणि जाळीवर अंडी. ओल हवेतून मिळते, अंड्याला पाणी लागत नाही. झाकणाला पडलेले थेंब अंड्यांवर टपकू नयेत म्हणून डबा थोडा तिरका ठेवायचा.

डबा आठवड्यातून एकदा, शेवटचे दोन आठवडे दोनदा उघडायचा, झाकणाने दोन-तीन वेळा हवा घालायची आणि बंद करायचा. शेवटी पिल्लांना ऑक्सिजन जास्त लागतो. पाणी घालायचं झालं तर डब्याइतकंच कोमट, कडेने, अंड्यावर थेंबही न पडता.

बॅटरी लावून बघण्यातही फरक आहे. कोंबडीचं अंडं सातव्या दिवशी अंधारात टॉर्चवर धरलं की मध्ये ठिपका आणि त्यातून कोळ्याच्या पायांसारख्या शिरा दिसतात. नुसता पिवळा उजेड दिसला तर अंडं गार, म्हणजे फळलेलं नाही. सापाच्या अंड्याला सातव्या दिवसाची वाट बघावी लागत नाही. न उचलता, टॉर्च कवचाला टेकवला की पहिल्याच दिवशी आत गुलाबी झाक आणि कवचालगत फांद्यांसारख्या लाल रेषा दिसतात. पिवळट, ढगाळ, शिरांविना असेल तर स्लग.

अंड्याला पडलेल्या खळग्याचा अर्थ वेळेवर ठरतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात माथ्यावर खळगा पडला तर डबा कोरडा पडलाय, कडेने थोडं पाणी द्या, दोन-तीन दिवसांत तो भरून येतो. पन्नास दिवसांनंतर तोच खळगा दिसला तर आत पिल्लू बलक संपवत आलंय, तिथे पाणी वाढवू नका.

निघतानाही घाई कोंबडीवाल्यालाच होते. कोंबडीचं पिल्लू चोचीवरच्या टोकदार गाठीने कवचाला भोक पाडतं आणि साधारण दिवसभरात बाहेर येतं. सापाच्या पिल्लाला वरच्या जबड्यात खराखुरा दात असतो. त्याने ते कवचाला ब्लेडने मारल्यासारखी चीर देतं, नाक बाहेर काढतं आणि तसंच थांबतं. चिरेतून चिकट पाणी पाझरतं, हात लावला की डोकं परत आत जातं. कधीकधी दोन दिवस असंच चालतं. पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं. या वेळी ओढून काढलं तर बलकाची पिशवी बाहेर लोंबते आणि फुटू शकते.

कोंबडीच्या पिल्लाला पहिला आठवडा ३५ अंशांची ऊब आणि दोन दिवसांत दाणा-पाणी लागतं. सापाचं पिल्लू पहिली कात टाकेपर्यंत, म्हणजे साधारण सात ते दहा दिवस, काही खात नाही. ओल्या टिश्यूवर, वेगळ्या डब्यात, पाण्याची छोटी वाटी देऊन एकटं ठेवा. कात पडल्यावर कॉर्न स्नेकला गुलाबी, बिनकेसाचं उंदराचं पिल्लू द्या. बॉल पायथनला केस आलेलं, जरा मोठं लागतं. त्याच दिवसांत परिवेश पोर्टलवर बॉल पायथनच्या पिल्लांची संख्या भरून टाका.