जन्मजात डर्मल सायनस व मेरुरज्जूचा संसर्ग

पाठीच्या मध्यरेषेवर त्वचेतून आत शिरणारी, पट्टकी उपकलेचे (त्वचेच्या वरच्या थरासारख्या चपट्या पेशींचे) अस्तर असलेली अरुंद नलिका. ती त्वचेखालीच संपते किंवा दृढतानिका (मेरुरज्जूभोवतीचे बाहेरचे जाड आवरण) भेदून मेरुरज्जूपर्यंत जाते. अंदाजे २,५०० जन्मांमागे १ असे तिचे प्रमाण दिले जाते. कंबर व त्रिकास्थी ही नेहमीची स्थाने, त्याखालोखाल डोक्याची मागील बाजू.

उत्पत्ती : गर्भाच्या तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यांच्या सुमारास तंत्रिका नलिका (जिच्यापासून मेंदू व मेरुरज्जू बनतात ती) मिटते व त्वचेचा बाह्यस्तर तिच्यापासून सुटा होतो. एखाद्या बिंदूवर ही फारकत अपुरी राहिली की त्वचेची ही नलिका मागे उरते, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे पाठीचा कणा मेरुरज्जूपेक्षा अधिक वाढल्याने मेरुरज्जूचे टोक तुलनेने वर सरकते. म्हणून त्वचेवरचे छिद्र खाली, तर आतली जोड कित्येक मणके वर आढळते. डॅकलिंग पँग व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ज्या मर्यादित पृष्ठीय मेरुविदराचे (याच प्रकारच्या दुसऱ्या जन्मजात विकृतीचे) सविस्तर वर्णन केले, त्यातील त्वचा व मेरुरज्जू जोडणाऱ्या देठात उपकला नसते, तंत्रिका ऊतक असते. काहीजण त्यामुळे दोन्ही विकृती पूर्णतः वेगळ्या मानतात. परंतु एकाच देठात दोहोंचे घटक सापडल्याची उदाहरणे आहेत. तेव्हा एकाच अपुऱ्या फारकतीचे हे दोन परिणाम मानणे अधिक सयुक्तिक वाटते. अगदी खालच्या टोकाचा मेरुरज्जू वेगळ्या प्रक्रियेने घडतो, त्यामुळे तेथील नलिकांना हे स्पष्टीकरण तितके नेमके लागू पडत नाही.

संसर्ग : स्टॅफिलोकॉकस ऑरियस, ई. कोलाय, प्रोटियस व विनॉक्सी (ऑक्सिजनविना वाढणारे) जीवाणू या वाटेने आत जातात. मस्तिष्कावरणशोथ (मेंदू व मेरुरज्जूच्या आवरणांचा दाह) होतो, बरा होतो आणि पुन्हा उलटतो. क्वचित मेरुरज्जूतच विद्रधी (पूचे गळू) होते. अशा विद्रधीचे पहिले वर्णन हार्ट यांनी १८३० मध्ये केले असे मानतात. नलिकेच्या आतल्या टोकाशी बऱ्याचदा डर्मॉइड गाठ (त्वचेचे घटक असलेली गाठ) असते. तिच्यातही पू साचतो. तान्ह्या बाळात खुणा अस्पष्ट असतात : ताप, उचलताच रडणे, पायांची हालचाल मंदावणे, लघवी तुंबणे. मस्तिष्कावरणशोथ दुसऱ्यांदा झाला, किंवा पाठीच्या पाण्यात (मेरुरज्जूभोवतीच्या द्रवात) त्वचेवरचे वा आतड्यातले जीवाणू सापडले, तर बाळाला पालथे करून मानेपासून माकडहाडापर्यंत मध्यरेषा व डोक्याची मागची बाजू केस बाजूला सारून पाहिलीच पाहिजे. छिद्र टाचणीच्या टोकाएवढे असू शकते. शेजारचा केसांचा झुबका, लालसर डाग किंवा मांसल लोंब हीच कधी कधी ठळक खूण ठरते.

नितंबांच्या फटीतील, गुदद्वारापासून २.५ सेंमी.च्या आतली, ५ मिमी.पेक्षा लहान, तळ दिसणारी एकटी खळी पुष्कळ नवजातांत असते व ती निरुपद्रवी समजली जाते. फटीच्या वरची खळी मात्र तशी समजू नये.

निदान व उपचार : पहिल्या काही महिन्यांत, मणक्यांच्या मागील कमानी कठीण होण्यापूर्वी, सोनोग्राफी उपयोगी पडते; नंतर एमआरआय. छिद्रात सळई घालणे किंवा रंगद्रव्य सोडणे टाळावे, त्याने जंतू आत ढकलले जातात. नलिका शेवटपर्यंत, गरज पडल्यास दृढतानिका उघडून, काढतात. एमआरआयमध्ये आतली वाट दिसली नाही तरी ती नसेलच असे नाही. विद्रधी झाली असल्यास तातडीने पू काढून दीर्घकाळ प्रतिजैविके देतात. संसर्गापूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या बाळांचे पाय व मूत्राशय सहसा शाबूत राहतात. विद्रधीनंतर मात्र कमजोरी कायम राहू शकते.