लॅपटॉप अचानक बोलायला लागतो त्यामागची पार्श्वभूमी

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत पान उलटल्याचाही आवाज होतो. तिथे कुणाचा लॅपटॉप एकदम 'बटन', 'लिंक' असं इंग्रजीत बडबडू लागला की सगळ्या माना वळतात आणि मालक घाईघाईने आवाज शून्यावर आणतो. बडबड थांबते, पण विंडोजचा नॅरेटर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा वाचक, आत चालूच असतो. मग खरी गंमत सुरू होते. कॅप्स लॉक लागत नाही, स्क्रीनभर एक निळी चौकट फिरत राहते आणि वेबपानावर 'एच' दाबला की नजर पुढच्या मथळ्यावर उडते. 'कीबोर्ड गेला' म्हणून असे लॅपटॉप दुरुस्तीला जातात. वास्तविक कंट्रोल, विंडोज आणि एंटर ही तीन बटणं एकत्र दाबली की काम झालं; नॅरेटर सुरूही याच बटणांनी होतो. कॅप्स लॉक अडतो, कारण नॅरेटर ते बटण आपल्या आज्ञांसाठी राखून ठेवतो. नॅरेटर चालू असताना कॅप्स हवंच असेल तर ते पटकन दोनदा दाबावं लागतं.

मुळात ही बटणं इतक्या सहज दाबली का जातात? ज्याला स्क्रीन दिसत नाही, त्याला मेनू शोधून वाचक सुरू करायला सांगणं निरर्थक आहे. वाचक कुठूनही, न बघता सुरू व्हायला हवा. चुकून सुरू होण्याचं मूळ याच सोयीत आहे.

स्क्रीन वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर नॅरेटरच्या बरीच आधीची. विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीसाठीचा आयबीएमचा स्क्रीन रीडर 1980च्या दशकातला, जॉज हा दुसरा वाचक 1989चा. पण ती वेगळी घ्यावी लागत. नॅरेटर 2000 साली विंडोज 2000सोबत आयताच मिळू लागला. तेव्हा तो फक्त इंग्रजी बोलायचा, आणि त्याची कुवत इतकी बेताची की रोजच्या कामासाठी चांगला वाचक घ्या, असं तो स्वतःच सांगायचा. त्या काळात विंडोज आणि यू दाबलं की युटिलिटी मॅनेजर उघडे आणि सोबत नॅरेटरही बोलू लागे. व्हिस्टा आणि विंडोज 7 मध्ये तर आणखी गोंधळ. त्याच बटणांनी उघडणारी 'ईझ ऑफ ॲक्सेस'ची खिडकी स्वतःच मजकूर वाचायची. नॅरेटर बंद असूनही संगणक बोलतो, हे कोडं सुटायचं त्या खिडकीतली 'हा भाग नेहमी मोठ्याने वाचा' ही खूण काढल्यावर.

2012च्या विंडोज 8 मध्ये नॅरेटर सुधारला आणि त्याला विंडोज अधिक एंटर अशी दोनच बटणं मिळाली. मराठी-इंग्रजी आलटून पालटून टाइप करणाऱ्यांसाठी तो सापळाच. भाषा बदलायची विंडोज आणि स्पेसने, आणि विंडोजवरचं बोट निघायच्या आत एंटर पडला की नॅरेटर हजर. एप्रिल 2017च्या विंडोज 10 अपडेटमध्ये त्यात कंट्रोल जोडलं गेलं. जुन्या मशीनवर दोन बटणं आणि नव्यावर तीन, असं होतं ते यामुळे.

कायमचा बंदोबस्त सेटिंग्जमध्ये आहे. विंडोज 11 मध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात नॅरेटर. कीबोर्ड शॉर्टकटचा खटका बंद करा. लॅपटॉप सुरू होतानाच बोलत असेल तर साइन-इनच्या आधी आणि नंतर नॅरेटर सुरू करण्याच्या खुणाही काढा. नुसता नॅरेटर थांबवून उपयोग नाही, पुढच्या वेळी तो परत येतो. बटणं दाद देत नसतील तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केपने टास्क मॅनेजर उघडून नॅरेटर संपवता येतो. टच स्क्रीनवर मात्र सवय मोडावी लागते: नॅरेटर चालू असताना एका टिचकीने तो फक्त वाचतो, बटण दाबायला दोन टिचक्या लागतात. ग्रंथालय किंवा सायबर कॅफेच्या संगणकावर शॉर्टकट बंद करू नये; ज्याला दिसत नाही त्या माणसाला तिथे दुसरा दरवाजा नसतो.

बोलणारा प्रत्येक आवाज नॅरेटरचा नसतो, हेही तपासावं. फक्त एज ब्राउझरमधलं पान वाचलं जात असेल तर ते त्याचं 'रीड अलाउड'. कंट्रोल, शिफ्ट, यूने थांबतं. मॅकवर व्हॉइसओव्हर हा वाचक असतो, 2005च्या टायगर या आवृत्तीपासून. तो कमांड आणि एफ5ने चालू-बंद होतो. कुणाचा जुना लॅपटॉप घेतला असेल तर त्यात एनव्हीडीए हा फुकट वाचकही बसवलेला असू शकतो. तो कंट्रोल, ऑल्ट, एनने सुरू होतो, आणि बंद करायला इन्सर्ट आणि क्यू.