मानेच्या वरच्या मणक्यांत नेव्हिगेशन कुठे चुकते
मान डावी-उजवीकडे वळते त्यातली जवळपास निम्मी हालचाल एकाच ठिकाणी होते: पहिला मणका ॲटलास आणि दुसरा ॲक्सिस यांच्यामध्ये. अपघात, संधिवात किंवा जन्मजात दोष यांमुळे ही जागा सैल पडली, की मज्जारज्जू दाबला जाण्याची भीती असते. मग दोन्ही मणके एकमेकांना जखडावे लागतात. ॲटलासच्या बाजूच्या जाड भागात आणि ॲक्सिसमध्ये स्क्रू बसवून ते जोडण्याची पद्धत मुंबईचे न्यूरोसर्जन अतुल गोयल यांनी १९९४ मध्ये पट्ट्या वापरून मांडली. जर्मन शल्यविशारद युर्गेन हार्म्स यांनी २००१ मध्ये पट्ट्यांऐवजी सळ्या वापरल्या. हे स्क्रू नेमके बसावेत म्हणून नेव्हिगेशन, म्हणजे स्कॅनच्या चित्रावर हत्याराची जागा दाखवणारी यंत्रणा, वापरतात.

स्क्रू साधारण साडेतीन मिलिमीटर जाड. ॲक्सिसचे पेडिकल, म्हणजे हा स्क्रू ज्यातून जातो तो हाडाचा अरुंद पूल, काही जणांत तेवढेही रुंद नसते. आतल्या अंगाला मज्जारज्जू, बाहेरच्या अंगाला मेंदूकडे जाणारी व्हर्टिब्रल धमनी. ही धमनी कधी कधी नेहमीपेक्षा वर चढून पेडिकल खालून पोखरते, तेही अनेकदा एकाच बाजूला. म्हणून एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ छेदांचा सीटी स्कॅन आधी दोन्ही बाजूंनी वेगवेगळा वाचावा लागतो.

नेव्हिगेशनमध्ये चमकत्या गोळ्यांची एक रेफरन्स फ्रेम रुग्णाला घट्ट बसवतात. इन्फ्रारेड कॅमेरा ही फ्रेम आणि हत्यारावरच्या गोळ्या पाहतो, आणि ड्रिलचे टोक स्कॅनच्या चित्रात नेमके कुठे आहे ते पडद्यावर दिसते. पण पडद्यावरचे हाड स्कॅन काढला त्या क्षणाचे असते. वरच्या मानेत सगळी अडचण इथेच आहे. आधीचा स्कॅन उताणे झोपवून काढलेला, शस्त्रक्रिया पालथे झोपवून. तेवढ्यात दोन मणक्यांचा परस्पर कोन बदलतो. त्यामुळे जुना स्कॅन वापरायचा तर प्रत्येक मणक्याची त्याच्या स्कॅनमधल्या चित्राशी जुळणी स्वतंत्र करावी लागते. टेबलावरच पालथ्या स्थितीत, श्वास क्षणभर थांबवून नवा स्कॅन काढणे आमच्या मते अधिक भरवशाचे.

तरीही चूक शिरते. फ्रेम डोके धरणाऱ्या क्लॅम्पला लावली आणि ड्रिल जोरात दाबला, तर सैल मणका पुढे सरकतो. फ्रेम जागची हलत नाही, म्हणून पडदा सारे ठीक दाखवतो. फ्रेम ॲक्सिसच्या काट्याला, म्हणजे मणक्याच्या मागे आलेल्या हाडाच्या टोकाला, लावली तर ॲक्सिस सांभाळला जातो, ॲटलासची हमी मिळत नाही. मानेचे जाड स्नायू ड्रिलच्या दांड्याला मध्याकडे रेटतात आणि टोक बाहेर, धमनीकडे वळते. उपाय साधे आहेत: दाब कमी, ड्रिलचा वेग जास्त, गरज पडली तर बाजूला त्वचेत वेगळा छेद. प्रत्येक स्क्रूआधी डोळ्यांना दिसणाऱ्या हाडाच्या खुणेवर टोक टेकवून पडद्याशी ताळा घ्यायचा. जुळले नाही, किंवा फ्रेमला कुणाचा हात लागला, तर नवा स्कॅन. हाड कापणे आणि मणके ओढून जागेवर आणणे शक्यतो स्क्रूंसाठी भोके पाडून झाल्यावरच.

भोकातून लाल रक्ताची धार उसळली, तर धमनी दुखावल्याचे धरून चालायचे. भोक मेणाने किंवा त्याच स्क्रूने बंद करतात आणि दुसऱ्या बाजूला धमनीजवळचा स्क्रू घालत नाहीत. दोन्ही धमन्या गेल्या तर मेंदूच्या मागच्या भागाचा रक्तपुरवठाच तुटू शकतो.