सहा इंचांचं अंतर : माइक टायसनचा चढ आणि उतार

उंची ५ फूट १० इंच. दोन्ही हात आडवे पसरले तर बोटांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ७१ इंच. मुष्टियुद्धाच्या हेवीवेट, म्हणजे सर्वांत जड गटात हे माप तोकडंच. माइक टायसनला रिंगमध्ये आडवं करणाऱ्या बस्टर डग्लसचा पल्ला ८३ इंच होता, लेनॉक्स लुईसचा ८४. बारा इंचांचा फरक दोन हातांत वाटला, तर एकेका हाताला अर्धा फूट येतो. समोरच्याचा जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) टायसनच्या नाकावर बसतो तेव्हा टायसनची मूठ अजून सहा इंच अलीकडेच असते. हे सहा इंच मार न खाता कसे ओलांडायचे, याचं उत्तर रोज घोटून घेतलं जात होतं तोवर टायसन अजिंक्य होता. घोटणं सुटलं तसा तो सुटत गेला. तुरुंग, पैसा, लग्न, चावलेला कान हे सगळं खरंच आहे, पण रिंगमधली घसरण त्याआधीच सुरू झाली होती.

टायसनचा जन्म ३० जून १९६६ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला. ब्राउन्सव्हिल वस्तीत चोऱ्यामाऱ्या करत तो वाढला आणि जॉन्सटाउनजवळच्या ट्रायॉन सुधारगृहात पोचला. तिथले समुपदेशक बॉबी स्ट्युअर्ट स्वतः मुष्टियोद्धे होते. त्यांनी त्याला प्राथमिक धडे दिले आणि १९८० मध्ये कॅट्सकिल गावी प्रशिक्षक कस डामाटो यांच्यासमोर उभं केलं. गावच्या पोलीस ठाण्याच्या वरच्या मजल्यावर डामाटो यांची व्यायामशाळा होती. फ्लॉइड पॅटर्सनला त्यांनीच १९५६ मध्ये वयाच्या २१व्या वर्षी हेवीवेट विजेता केलं होतं, आणि होजे टोरेसला १९६५ मध्ये लाइट हेवीवेटचा. आईच्या मृत्यूनंतर टायसनचं कायदेशीर पालकत्वही डामाटो यांनीच घेतलं.

त्यांच्या शैलीचं नाव पीकाबू. तान्ह्या बाळाला हसवायला तोंडावर हात धरून ‘कुक्’ करतात, त्यावरून चेष्टेने पडलेलं. दोन्ही ग्लोव्ह्ज गालांना चिकटलेले, कोपरं फासळ्यांना घट्ट, हनुवटी खाली. पारंपरिक पवित्र्यात शरीर तिरकं असतं आणि एक पाय बराच पुढे. इथे छाती जवळजवळ समोर असते आणि वजन दोन्ही पायांवर सारखं. त्यामुळे दोन्ही हात सारख्याच जोराने मारू शकतात, पण लक्ष्यही रुंद होतं. म्हणूनच डोकं एका जागी राहता कामा नये, हा इथला पहिला नियम.

हे डोकं हलवणं मानेने होत नाही, गुडघ्यांनी होतं. जॅब येताना दिसला की गुडघे वाकवून धड एका बाजूला झुकवायचं. मूठ कानाजवळून निघून जाईल इतकंच, त्याहून जास्त नको, नाहीतर परत यायला वेळ लागतो. डावीकडे झुकलं की वजन डाव्या पायावर येतं आणि डावा हूक (कोपर वाकवून बाजूने मारायचा ठोसा) आपोआप ताणला जातो. म्हणजे चुकवणं हीच ठोशाची तयारी. मग त्याच झोकात एक छोटी उडी तिरकी, प्रतिस्पर्ध्याच्या खांद्याच्या बाहेर. आता तो टायसनला समोर शोधतोय आणि टायसन त्याच्या बरगडीपाशी आहे. हे अंगी बाणवायला डोक्याच्या उंचीवर दोरीला टांगलेली एक छोटी पिशवी असते. ती लोलकासारखी झुलत राहते आणि डोकं तिला लागू न देता आत-बाहेर करायचं असतं. दिसायला पोरखेळ, पण काही मिनिटांतच मांड्या पेटतात.

ठोशांना क्रमांक होते. १ म्हणजे डावा हूक, २ उजवा सरळ, ३ डावा अपरकट (खालून वर हनुवटीकडे जाणारा ठोसा), ४ उजवा अपरकट, ५ आणि ६ पोटाकडे डावा-उजवा हूक, ७ तोंडावर जॅब, ८ पोटावर जॅब. गाद्या गुंडाळून केलेल्या एका पुतळ्यावर हे आकडे रंगवलेले असत. टोरेसने ज्या विली पास्ट्रानोला हरवलं त्याच्यावरून पुतळ्याचं नाव पडलं ‘विली’. आकडा कानावर पडला की विचार न करता हात सुटला पाहिजे. ‘६-४’ म्हटलं की उजव्या हाताने बरगडीत आणि त्याच हाताने लगेच हनुवटीखाली. पहिल्या ठोशाने समोरच्याचं कोपर खाली येतं, त्या फटीतून दुसरा वर जातो. टायसनच्या सुरुवातीच्या लढतींत ही जोडी पुन्हा पुन्हा दिसते.

त्याच्या उदयाला काळही सोयीचा होता. हेवीवेटचं राज्य तेव्हा तुकड्यांत होतं. १९७८ मध्ये डब्ल्यूबीसीने लिऑन स्पिंक्सचा पट्टा, म्हणजे विजेतेपद, काढून घेतलं तेव्हापासून डब्ल्यूबीए आणि डब्ल्यूबीसी या दोन संघटनांचे विजेते वेगळे, आणि १९८३ पासून आयबीएफ हा तिसरा दुकानदार. लोकांना खरा विजेता कोण हेच सांगता येत नव्हतं. अखेर एचबीओ वाहिनी आणि प्रवर्तक डॉन किंग यांनी १९८६ मध्ये तिन्ही पट्टे एकत्र आणणारी मालिका आखली. नेमका त्याच सुमाराला टायसन तयार झाला.

६ मार्च १९८५ रोजी ऑल्बनीत त्याची पहिली व्यावसायिक लढत झाली, आणि त्या वर्षात तो १५ वेळा रिंगमध्ये उतरला. पंधराही नॉकआउट. पहिल्या २८ लढतींपैकी २६ त्याने पंचांच्या गुणपत्रिकेपर्यंत जाऊच दिल्या नाहीत. २२ नोव्हेंबर १९८६ रोजी लास व्हेगासमध्ये ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्या फेरीत संपवून तो २० वर्षं ४ महिन्यांचा सर्वांत तरुण हेवीवेट विजेता झाला. पॅटर्सनचा विक्रम डामाटो यांच्याच दुसऱ्या शिष्याने मोडला. त्या लढतीतला शेवटचा डावा हूक पाहण्यासारखा आहे. बर्बिक पडतो, उठू बघतो, दोरांवर जाऊन आदळतो, पुन्हा उठतो आणि पुन्हा कोसळतो. एका ठोशात तीन वेळा. डामाटो हे पाहायला नव्हते. ४ नोव्हेंबर १९८५ रोजीच ते गेले होते. कॉर्नरमध्ये (फेऱ्यांच्या मध्ये खेळाडू बसतो त्या कोपऱ्यात) प्रशिक्षक म्हणून त्यांचाच शिष्य केविन रूनी होता.

मार्च १९८७ मध्ये जेम्स स्मिथकडून डब्ल्यूबीएचा आणि ऑगस्टमध्ये टोनी टकरकडून आयबीएफचा पट्टा आला. या दोन्ही लढती पूर्ण १२ फेऱ्या चालल्या आणि दोन्ही कंटाळवाण्या झाल्या. पण अभ्यासकाने स्मिथची लढत जरूर पाहावी. स्मिथने लढायचं सोडून दिलं आणि टायसन आत आला की त्याला फक्त मिठी मारली. आत शिरल्यावर हात जखडले तर पीकाबूकडे उत्तर नाही, ही फट तिथे उघड दिसते. फक्त स्मिथला ती जिंकण्यासाठी वापरायची नव्हती, उभं राहण्यासाठी वापरायची होती.

शिखर २७ जून १९८८ चं. मायकेल स्पिंक्सकडे तेव्हा एकही पट्टा नव्हता, पण लॅरी होम्सला रिंगमध्ये सर्वांत आधी हरवणारा तोच असल्यामुळे परंपरेने खरा विजेता तो, असं मानणारे बरेच होते. अटलांटिक सिटीत तो ९१ सेकंद टिकला. त्या रात्री टायसनचं वजन २१८ पौंडांच्या आसपास, म्हणजे ९९ किलो. त्यानंतर त्याच्याकडून इतकं नेटकं बॉक्सिंग पुन्हा झालं नाही, असं माझं मत आहे.

कारण भोवतीची माणसं एकेक करून गेली. व्यवस्थापक जिम जेकब्स मार्च १९८८ मध्ये वारले. दुसरे व्यवस्थापक बिल केटन यांच्याशी वाद कोर्टात गेला. वर्ष संपेपर्यंत रूनीला काढण्यात आलं आणि कारभार डॉन किंगकडे गेला. अभिनेत्री रॉबिन गिव्हन्सशी फेब्रुवारी १९८८ मध्ये झालेलं लग्न वर्षभरात मोडलं. यातला रिंगच्या दृष्टीने सर्वांत महागात पडलेला निर्णय रूनीला काढण्याचा. आकड्यांची भाषा येणारा प्रशिक्षक तोच होता. नवे लोक टायसनला दमवत असतील, पण चुका दाखवत नव्हते.

चुका कोणत्या? जॅबच्या मागून आत न शिरता थेट झेप. ठोसा मारून झाल्यावर डोकं जिथल्या तिथे. पाच ठोशांच्या मालिकेऐवजी एकाच मोठ्या ठोशाचा शोध, आणि तो हुकला की छाती समोर, पाय एका रेषेत. फेब्रुवारी १९८९ मध्ये फ्रँक ब्रुनोने पहिल्याच फेरीत डाव्या हूकने त्याला हलवलं होतं. टायसनने ती लढत पाचव्या फेरीत जिंकली, म्हणून कुणी फार बोललं नाही.

११ फेब्रुवारी १९९०, टोकियो डोम. लास व्हेगासच्या मिराज कॅसिनोत डग्लसच्या विजयावर सट्ट्याचा भाव ४२ला १ होता. टायसनचं वजन सुमारे २२० पौंड, बर्बिकच्या वेळेइतकंच. काट्याला पाय किती चालले हे कळत नाही. तेवीस दिवसांपूर्वी आई गमावलेल्या डग्लसने त्या रात्री पुस्तकी काम केलं. दुहेरी जॅब, मागोमाग उजवा सरळ. टायसन वाकून आत आला की खालून अपरकट, तरीही जवळ आलाच तर मिठी. सहा इंचांचा पुरेपूर वापर. टायसन सरळ रेषेत येत होता, त्यामुळे जॅबला नेम धरायचीही गरज उरली नव्हती.

पाचव्या फेरीपासून त्याचा डावा डोळा सुजू लागला. अशा वेळी कॉर्नरमधल्या माणसाकडे बर्फात थंड केलेली लोखंडी चकती असते. इस्त्रीसारखी, हातात मावणारी. ती सुजेवर सपाट दाबून धरायची, चोळायची नाही; चोळली तर कातडीखालचं रक्त पसरतं आणि सूज वाढते. दोन फेऱ्यांच्या मध्ये ६० सेकंद मिळतात, तेवढ्यातच हे करायचं. टायसनच्या कॉर्नरमध्ये ही चकतीच नव्हती. त्यांनी रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरून ते डोळ्यावर धरलं. जगज्जेत्याच्या कॉर्नरमध्ये, लाखो डॉलरच्या लढतीत. घसरण म्हणजे काय हे यापेक्षा नेमकं दाखवता येणार नाही. पाण्याची पिशवी गार करते, दाब देत नाही, आणि सूज उतरवतो तो दाबच. डोळा बंद होत गेला तसा त्या बाजूने येणारा उजवा हात दिसेनासा झाला.

आठव्या फेरीच्या अगदी शेवटी टायसनच्या उजव्या अपरकटने डग्लस पडला. खाली पडलेल्याला उठायला पंच दहापर्यंत मोजतात; पंच ऑक्टाव्हिओ मेरान यांचा आकडा रिंगबाहेरच्या वेळाधिकाऱ्याच्या मागे पडला होता, त्यावर किंगने नंतर मोठं आकांडतांडव केलं. पण खाली पडलेल्या खेळाडूने पंचाचा आकडा ऐकायचा असतो, घड्याळ नाही. आणि डग्लस नऊवर उभा होता. दहाव्या फेरीत डग्लसच्या उजव्या अपरकटने टायसनचं डोकं मागे फेकलं गेलं आणि त्यावर चार ठोसे पडले. टायसन गुडघ्यांवर रांगत तोंडातून निसटलेलं दातांचं रबर चाचपत होता. सापडलं तेव्हा त्याचं एक टोक दातांत धरून, दुसरं बाहेर लोंबत असताना तो उठायला गेला. आकडा दहावर पोचला होता. गंमत अशी की नऊ फेऱ्यांनंतर रिंगबाहेरून गुण देणाऱ्या तीन पंचांपैकी एकाने डग्लसला ८८-८२ असं पुढे ठेवलं होतं, दुसऱ्याच्या पत्रिकेवर ८६-८६ बरोबरी होती, आणि तिसऱ्याच्या मते टायसन ८७-८६ ने आघाडीवर होता.

डग्लसही टिकला नाही. ऑक्टोबरात २४६ पौंडांचा होऊन तो आला आणि इव्हँडर होलीफिल्डने त्याला तिसऱ्या फेरीत झोपवलं. टायसन-होलीफिल्ड लढत ठरत असतानाच जुलै १९९१ मध्ये इंडियानापोलिसला एका १८ वर्षांच्या तरुणीवर बलात्काराचं प्रकरण घडलं. १० फेब्रुवारी १९९२ रोजी ज्यूरीने टायसनला दोषी ठरवलं आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. त्याने गुन्हा कधी कबूल केला नाही, अपील फेटाळलं गेलं. २५ मार्च १९९५ रोजी तो सुटला.

पुनरागमनाच्या पहिल्या चार लढतींत तो सगळ्या मिळून आठ फेऱ्यांसाठी रिंगमध्ये उतरला. दोन पट्टे परत आले, सराव मात्र झाला नाही. ९ नोव्हेंबर १९९६ ला होलीफिल्डने पुढे येणाऱ्या टायसनला खांद्याने आणि बाहूने मागे रेटलं. मागे जाणारा पीकाबू खेळाडू कुचकामी असतो, कारण झुकून साठवलेलं वजन पुढे सोडायला जागाच नसते. सहाव्या फेरीत टायसन पडला, अकराव्यात लढत थांबली. २८ जून १९९७ च्या दुसऱ्या लढतीत डोक्याला डोकं लागून टायसनच्या उजव्या डोळ्यावर जखम झाली. तिसऱ्या फेरीला तो दातांचं रबर न घालताच निघाला होता, त्याला परत पाठवून ते घालायला लावलं. त्याच फेरीत त्याने होलीफिल्डच्या उजव्या कानाचा तुकडा तोडला. पंच मिल्स लेन यांनी दोन गुण कापून लढत पुढे चालू दिली, तर त्याने डावा कानही चावला. मग अपात्र. दंड ३० लाख डॉलर, म्हणजे ३ कोटींच्या मानधनाच्या दहा टक्के. नियमाने त्याहून जास्त घेता येत नव्हता. परवाना रद्द झाला, तो ऑक्टोबर १९९८ मध्ये परत मिळाला.

८ जून २००२ रोजी मेम्फिसला लुईससमोर टायसन २३४ पौंडांचा होता, स्पिंक्सच्या रात्रीपेक्षा १६ पौंड जड. पहिली फेरी बरी गेली. नंतर जॅब, अपरकट, मिठी हाच क्रम, आणि आठव्या फेरीत उजवा हात. कारकिर्दीत तीस कोटी डॉलरहून अधिक कमावलेल्या या माणसाने पुढच्या वर्षी दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा अंगावर सुमारे २ कोटी ३० लाखांचं कर्ज होतं. ११ जून २००५ ला केविन मॅकब्राइडविरुद्ध सहाव्या फेरीनंतर तो स्टुलावरून उठलाच नाही.

१५ नोव्हेंबर २०२४ रोजी, ५८व्या वर्षी, टेक्सासमध्ये तो यूट्यूबवरून मुष्टियुद्धात आलेल्या जेक पॉलविरुद्ध पुन्हा उतरला. त्यासाठी फेऱ्या तीनऐवजी दोन मिनिटांच्या केल्या होत्या आणि ग्लोव्ह्ज दहाऐवजी चौदा औंसांचे. टायसनने आठ फेऱ्यांत ९७ ठोसे मारले, त्यातले १८ लागले. लढत अधिकृत असल्यामुळे हा पराभव त्याच्या नोंदीत गेला : ५० विजय, ७ पराभव, दोन लढती निकालाविना.